रुमालाखाली मोजलेले राज्यकर्ते

मंडळी, मागं उभे आहेत त्यांनी पुढं सरका, सतरंजी रिकामी आहे. नानांच्या शोकसभेत बोल म्हणालात, पण मला भाषण येत नाही. दुसरीत शाळा सुटली माझी. पण नानांचं नाव निघालं की रडण्याआधी मला सांगायचीच घाई होते, त्याला काय करू?

नाना आपले मास्तर, हे बठ्ठ्यांना, सगळ्या गावाला ठाऊक. पण दर रविवारी त्यांच्या ओसरीवर काय चालायचं, ते आम्हा तिघांनाच. मी, हे कापडवाले शेठजी, आणि कापसाच्या जिनातला हमाल भिका. एक दिवस नाना म्हणाले, "अक्का, आजवर ज्यांनी ज्यांनी राज्य केलं, ते कुणीकडे झुकलेले होते ते आपण मोजू."

मी म्हटलं, "नाना, राजा काय कापूस शे, मोजाले?"

"कापसाचा भाव दलाल कसा ठरवतात?"

रुमालाखाली बोटं धरून! तेच केलं की हो आम्ही. नाना एकेकाची कामं वाचायचे. सारा कुणावर बसवला, जमीन कुणाला दिली, संप झाला तेव्हा पोलीस कुणावर धाडले. राजा असो, दिवाण असो, आजचा मंत्री असो, नाव सांगायचे नाहीत. मग एकेकानं रुमालाखाली त्यांच्या हातात बोटं द्यायची. कष्टकऱ्याकडे पुरता झुकलेला, तर एक. मालकाकडे पुरता झुकलेला, तर पाच. एकाचं दुसऱ्याला दिसायचं नाही, म्हणजे कुणी कुणाचं बघून द्यायचं नाही. नाना नाव नि बोटं वहीत लिहून घ्यायचे. नंतर वही वाचली की काय दंगा! शेठजी पाच बोटं शाबासकी म्हणून द्यायचे, भिका शिवी म्हणून. हसा, हसा, नानाही हसायचे. म्हणायचे, "अरे, शाबासकी नाही नि शिवीही नाही. कल कुठं, एवढंच."

एकदा मी लबाडी केली. कामं ऐकताच माणूस ओळखला. माझ्या देवघराशेजारी फोटो त्याचा! पटकन एक बोट दिलं. नाना हात सोडेनात. म्हणाले, "अक्का, हाई माणूसनं माप शे, कामनं नही." लाजले मी. पुन्हा ऐकलं, तीन दिली. फोटो अजून तिथंच आहे बरं का.

आणि मागच्या उन्हाळ्यात तर कमालच. एका संस्थानचा कारभारी. तिघांचीही पाच! असं कधीच झालं नव्हतं. भिका उडी मारून उभा राहिला, शेठजींनी खडीसाखर वाटली. शेठ नि हमाल एका मापावर, सांगा, कुठं घडतं? नानांनी पाणी प्यायलं. म्हणाले, "हे माझे आजोबा."

मी म्हटलं, "नाना, खोडा ते. आम्ही पुन्हा देतो बोटं."

"का? त्यांची कामं बदलली का?"

आणि टाक बुडवून लिहून टाकलं.

माधव, नानांचा मुलगा तू. काल म्हणालास, वही अस्थींबरोबर तापीत सोडीन. का, ते मला कळतं. लोक पणजोबांना नावं ठेवतील, ही भीती. पण बाळा, ती वही पाण्यात गेली तर एकटे पणजोबा जाणार नाहीत, बठ्ठे राजे, दिवाण, मंत्री जातील. नानांना ते एक पान फाडता आलं असतं. घरात चूल पेटलेली होती. फाडलं नाही त्यांनी.

येत्या रविवारी आम्ही तिघं ओसरीवर येणार. बोटं आहेत आमच्याकडे, पण नाव न सांगता कामं कोण वाचणार? वाचणारा तूच.

चला, आता सगळे उभे राहा. बोलू नका, खोकला आला तरी दाबा. वही नानांच्या फोटोपुढं ठेवलीय. माधव, आम्ही डोळे मिटतो. आम्ही उघडेपर्यंत ती तिथंच राहू दे किंवा रविवारी वाचायला उचलून घे, पण अस्थींच्या कलशाजवळ नको रे.

नाना, तुम्हाला नमस्कार.