एकच ओळ, पानोपान

— नाही वहिनी, आत्ता आत सोडणार नाहीत, मी विचारून आलो. हवालदार म्हणाला, साहब फोन पे हैं. बसा तुम्ही. उभं राहून काय होणार? युनिव्हर्सिटीत कळवलंत ना, आज शिकवायला येत नाही म्हणून? बरं केलंत. आणि सासूबाईंना, हरजीतच्या आईंना? नका सांगू इतक्यात.

मी? मी सकाळपासून इथेच आहे. मला आणि आमच्या कॉम्प्युटर सेंटरच्या डायरेक्टरांना बोलावलं होतं. काल संध्याकाळी सतरा सेक्टरला गोळीबार झाला, मग सगळीकडे पोलिसांचे नाके लागले — आणि हरजीत अंधारात स्कूटरवरून मोहालीकडे निघालेला, एकटा सरदार, आणि पिशवीत तो गठ्ठा. कागदांचा हो. आमच्या प्रिंटरचे कागद, पानोपान एकच ओळ, तेच आकडे, तीच अक्षरं. त्यांना वाटलं सांकेतिक काहीतरी आहे, म्हणून धरून आणलं.

सांकेतिक कसलं! सांगतो ना. आमचा एक प्रोग्रॅम आहे, डीबगर. दुसरा प्रोग्रॅम मध्येच कोसळला की हा मागे मागे जात शोधतो — या कामाला कोणी बोलावलं, त्याला कोणी, त्याच्याही आधी कोणी, असं थेट सुरुवातीपर्यंत, आणि प्रत्येकाची एक ओळ छापतो. पण कोसळताना कधीकधी मेमरीच बिघडते, मग एखाद्या ठिकाणी लिहिलेलं असतं, मला बोलावणारा मीच. झालं! हा मागे जातो, पुन्हा तिथेच येतो, तीच ओळ छापतो, पुन्हा जातो — कोणी बंद करेपर्यंत. म्हणून एक तपासणी घालायची असते. मागे जाताना मेमरीतला पत्ता प्रत्येक वेळी वर सरकायला हवा, नाही सरकला तर थांबायचं, आणि सांगायचं की इथून पुढे भरवसा नाही. दोन ओळींचं काम. हरजीतनेच सुचवलेलं. घातलंही होतं.

मग थांबला का नाही? अं... काढली होती ती तपासणी. कोणी म्हणजे — डायरेक्टरांसमोर एका चांगल्या चालत्या प्रोग्रॅमवरच ती अडून बसली, तिथे पत्ता खाली जाणं बरोबर होतं, तेवढा अपवाद ठेवायला हवा होता. सगळ्यांसमोर शोभा झाली. मग रागारागात... मीच काढली. नीट लिहून परत घालू म्हटलं. राहून गेलं.

नाही, त्याला ठाऊक नव्हतं. काल आम्ही तो डीबगर चालू करून दिला, दिल्लीची माणसं काम बघायला येणार होती ना. प्रिंटर पलीकडच्या खोलीत, हा आपला टर्मिनलवर. मी निघता निघता सहज डोकावलो, तर तीच ओळ, तीच ओळ. कळलं मला, वहिनी. बघताक्षणी कळलं. इतक्यात हा ओरडला, श्याम, हो गया क्या यार? — आणि मी म्हणालो, मोठं आहे, वेळ लागेल, तू थांब. आणि स्टाफच्या बसने घरी गेलो. एवढं सांगायचं होतं की बंद कर, माझी चूक आहे. जीभच उचलली नाही. तो बसला कागद संपेपर्यंत. मग तोच गठ्ठा घेऊन निघाला — घरी बसून चूक शोधणार असेल.

हो, इन्स्पेक्टरने दाखवला ना मला. ये क्या है, म्हणाला. शेजारी डायरेक्टर बसलेले. मी म्हणालो — वहिनी, माझ्याकडे असं बघू नका — मी म्हणालो, मुझे नहीं मालूम.

मालूम नहीं म्हणालो, हो. मग डायरेक्टर पण म्हणाले, आमच्याकडे असलं काही छापत नाहीत, आणि निघून गेले.

थांबा, तुम्ही कशाला उठताय? तुम्हाला नाही समजावता येणार ते. मी जातो. जातो म्हणतोय ना —

— झालं, वहिनी. सोडतायत. सगळं सांगितलं, कागदावर गोल काढून दाखवले. इन्स्पेक्टर खूप बोलला मला, शिव्याच दिल्या. देऊ दे. डायरेक्टरांना फोन केला त्याने माझ्यासमोरच. त्यांचं काय व्हायचं ते होईल. पण तो एक म्हणाला... म्हणाला, हरजीत सगळं काम आपणच केलंय असं सांगत होता. पुन्हा पुन्हा विचारलं, और कौन था साथ में? कोई नहीं, सब मेरा काम है. माझं नाव नाही घेतलं त्याने, वहिनी. एकदाही नाही. त्याला कळलं असणार ना गठ्ठा बघून, ती तपासणी कोणी काढली ते. आमच्यात त्या फाइलला हात लावणारा मी एकटाच.

आला. हरजीत! जरा हळू... पाय दुखतोय का रे? मी ऑटो बघतो. नको? स्कूटर मी पोचवतो घरी, किल्ली दे. हरजीत, अरे, मी आत सांगितलं सगळं —

काय म्हणालात वहिनी?

बरं. नाही येत घरी.