उलट्या पिळाची दोरी

आजी: आता नीट सांग, दाल्ले. माझ्या रांजणाच्या गळ्यातली उलट्या पिळाची दोरी सोडलीस आणि फाटकाला बांधलीस. यात तुझा फायदा काय?

दाल्ले: बाबा आत येणार नाहीत.

आजी: अगं टवळे, आत मुरत ठेवलेलं सोयाबीन बाहेरचं काही बाधून नासू नये म्हणून होती ती! महिनाभर उन्हाला झाकण उघडतेय, तिन्हीसांजेला लावतेय. आणि तू आपली सोडून मोकळी.

दाल्ले: बाळ झालं तेव्हा तूच फाटकाला बांधली होतीस की. अश्शीच. मिरच्या, कोळसा, सगळं खोचून. दोरी दिसली की पोस्टमनसुद्धा बाहेरूनच ओरडायचा.

आजी: तो परका. घरच्या माणसाला दोरी अडवत नाही.

दाल्ले: अडवते! दोरी होती तोवर बाबांनी आईला मारलं नाही. एकदापण नाही. तू काढलीस, त्याच दिवशी आईची दाढ पडली. आणि काल...

आजी: कालचं राहू दे. पोटात दारू गेली की त्याचा हात त्याचा राहत नाही.

दाल्ले: तेव्हापण प्यायचे. बाळ झालं म्हणून रोज प्यायचे.

आजी: ...एकवीस दिवस.

दाल्ले: काय?

आजी: दोरी आहे तोवर घरात रक्त सांडलं तर बाळाला बाधतं, असं मीच त्याला बजावलं होतं. एकवीस दिवस बरोबर ऐकत होता की त्याचा हात! आणि मी मेली गावभर सांगत फिरते, बिचाऱ्याचा इलाज चालत नाही म्हणून.

दाल्ले: आईला सांगू?

आजी: नको. जबडा बांधलाय तिचा, बाळाला घेऊन पडू दे. कपडे बडवायचं दांडकं आण.

दाल्ले: आज कुठं धुणं आहे?

आजी: आण म्हटलं ना!

किसोप: ए आई! ही दोरी कसली? परत पोर झालं की काय घरात?

आजी: किसोप, तिथंच थांब.

किसोप: माझ्याच दारात? माझ्या बायकोला, त्या ह्वासुकला बाहेर काढ. तिचाच उद्योग हा.

आजी: काढते. पण ती बोलणार कशी? बोलायचं दार तूच मोडून ठेवलंयस.

दाल्ले: मी बांधली, बाबा.

किसोप: तू? ये, इकडे ये जरा.

आजी: दाल्ले, आत जा. कडी लाव. आणि किसोप, तू दोरीला हात लावलास तर तो हात राहणार नाही.

किसोप: ही बघ, तोडली. काय करशील?

(दांडक्याचा आवाज. मग मातीचं काही मोठं फुटल्याचा.)

किसोप: आई गं! मनगट... मोडलं गं! एकुलत्या एका पोराला?

आजी: रांजण लाथेनं फोडलास? फोड. दुसरा पाय पुढे कर, त्याचंही बघते.

किसोप: दारू बोलत होती आई, मी नाही!

आजी: हात ऐकत नव्हता ना तुझा? आता कुणाचंच ऐकणार नाही. चल, हो बाहेर!

किसोप: काकांना घेऊन येतो. सगळ्या गावाला सांगतो.

आजी: सांग की. सुनेची दाढ ठेवलीय मी चिंधीत बांधून, तीही ने दाखवायला. आणि ऐक, परत आलास तर दांडकं दारामागेच असेल.

दाल्ले: आजी... गेले?

आजी: गेला. अनवाणी येऊ नकोस, खापऱ्या पडल्यात.

दाल्ले: तुझ्या पायातून रक्त येतंय.

आजी: येऊ दे. फडकं दे. सकाळी डोंगरावरून आणलेली फुलं धुतलीस का?

दाल्ले: फुलांचे घावन करायचे? आजपण?

आजी: फुलं काय उद्यापर्यंत थांबणार आहेत? आईला मऊ भिजवून देऊ, गिळता येतील तिला.

दाल्ले: आजी, हे सगळं माझ्यामुळं झालं?

आजी: अजिबात नाही. हिशेब ऐक. जबडा गेला तुझ्या आईचा. मनगट गेलं त्याचं. तुझ्या नावावर काही नाही.

दाल्ले: आणि तुझा गेला रांजण.

आजी: हो बाई. रांजणच म्हण.