हो नाही, नाहीही नाही: आत्याचं 'मु'

काका, काकू, सगळेच... आत्याला निरोप द्यायला एवढ्या लांबून ड्राइव्ह करून आलात. मला उभं राहून बोलायची सवय नाही. माइक स्टँडवरच राहू दे.

नलूआत्या, माझ्या बाबांची थोरली बहीण. पुण्यात जपानी शिकली, आणि इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूला येऊन यंत्रांच्या मॅन्युअल्सची भाषांतरं करत राहिली. शाळेत जायच्या आधी मला थोडं जपानी तिनेच शिकवलं, आमच्या डायनिंग टेबलावर. तिथेच मी 'मु' शिकले. मु म्हणजे नसणं. शब्दाच्या आधी लागतं, आपल्या 'बिन'सारखं. मुर्यो म्हणजे बिनपैशाचं. मुजिन म्हणजे बिनमाणसांचं. मग मी सगळ्यालाच मु लावत सुटले. मु-आंघोळ. मु-भेंडी. आत्याने समोर रिकामी वाटी ठेवली. "घ्या बाईसाहेब, मु-भेंडी. पोटभर खा. आणि परत मागायची नाही हं!"

हसा ना. तीही हसली असती.

पण मला दुसरंच सांगायचंय. उद्या सकाळी गुरुजी व्हिडिओ कॉलवर विधी सांगणार आहेत. बाबा म्हणतात, ताईचं सगळं नीट व्हायला हवं. तिचा मुलगा, रोहनदादा, म्हणतो, "मामा, मॉमला हे नको होतं. कॅन्सल करा." आणि दोघंही मला विचारतायत, कारण शेवटी हॉस्पिटलमध्ये तिच्याजवळ मी होते. तू विचारलंस ना? काय म्हणाली ती?

विचारलं होतं. "आत्या, तुझे विधी करायचे का?"

ती म्हणाली, "मु."

"म्हणजे नकोत?"

"नकोत म्हटलं का मी? हो नाही, आणि नाही पण नाही. तुझा प्रश्नच चुकलाय गं. पाणी दे."

पाणी प्यायली आणि झोपली, ती परत जागी झालीच नाही. पुन्हा विचारायला हवं होतं का? झोपलेल्या माणसाला उठवून? मला अजून ठरवता येत नाही.

बाबा, ती हो म्हणाली नाही. दादा, ती नाही म्हणाली नाही. यापुढचा एक शब्दही मी तिच्या तोंडी घालणार नाही. तुम्हा दोघांना तो माझ्याकडून हवाय, कळतंय मला. माझ्याकडे तो नाहीये.

बाबा, उद्या बसायचं असेल तर बसा. पण तुम्हाला बसायचंय म्हणून बसा. दादा, तुला नसेल बसायचं तर बाहेर थांब. तेही तुझ्यासाठी. तिचं नाव पुढे करून भांडू नका. एवढंच.

आता थोडा वेळ शांत राहू या. ज्यांना प्रार्थना करायची आहे त्यांनी करावी, बाकीच्यांनी नुसतं बसावं. आत्याला दोन्ही चाललं असतं, असं म्हणायचा फार मोह होतोय.

पण मला माहीत नाही.

बसू या.