नळाखालची सांध

गोल बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारी आणि तिची तरुण शेजारीण उभ्या होत्या.

"भैया, ॲसिडची बाटली द्या."

"बुरशीले ॲसिड काहून, काकू?" शेजारीण म्हणाली. "टाइलच्या सांधीतलं सिमेंट खाते ते. ब्लीचिंग लावा अन् जुन्या ब्रशनं घासा."

"तुझे काका होते तवरी बुरशी आलीच नाही, पिंकी. आंघोळ झाली का भिंती पुसत, खिडकी उघडत. मी हासत होती त्यायले."

"आता नवीन टाइल्सच बसवून घ्या ना."

"नाही वं. रायपूर राजधानी झालं त्या साली मिस्त्री अर्ध्यात पळाला, तर त्यायनंच बसवल्या. पांढरं सिमेंट बोटानं भरलं."

"हव, आठवते मले. आठ दिवस आमच्याकडे आंघोळीले येत होते तुम्ही."

"नळाखाली त्यायच्या बोटाचा ठसा राहिला. इतके वर्षं दिसला नाही. आता बुरशी बसली त्याच्यात, तर रेघ न् रेघ दिसते."

"मंग ब्लीचिंग घेता ना?"

"घेतो. बाकी सारं घासतो. नळाखालचं तेवढं काळं राहू दे."