कबड्डीपटूचा खुबा

कार्डिफच्या हॉस्पिटलात बाळाला थोपटत बसलेल्या मंजिरीला शेजारच्या बाकावरून मराठी ऐकू आली आणि तिचा हात थबकला. एक आजी आजोबांना दटावत होत्या.

"आज सर्जनसमोर लंगडायचं हं."

"मी? उभी हयात कबड्डी खेळलो. समोरच्याला दुखरा पाय कळू द्यायचा नसतो."

"म्हणून मागच्या वेळी ताडताड चालून दाखवलंत. वर उठाबशा! 'व्हेरी फिट' म्हणाले आणि खुब्याचं ऑपरेशन पुढे ढकललं."

"शाबासकी होती ती."

"आणि घरी जिन्यात बसून रडलात, ते?"

"तुझ्यापुढे रडलो. तू आपल्या टीममधली."

"सर्जनही आपल्याच टीममधले आहेत, अहो!"

"बरं, लंगडतो. डाव्या पायाने."

"दुखतो उजवा!"

"तेच तर. त्याला कशाला कळू द्यायचं?"

एवढ्यात नर्सने "मिस्टर सबनीस" अशी हाक मारली. आजोबा ऐटीत निघाले. सर्जनच्या दाराशी मात्र, मैदानात उतरताना करायचे तसा, जमिनीला नमस्कार करायला वाकले आणि तिथेच अडकले.

"अगं, सरळच होता येईना!"

"मग होऊच नका! अस्सेच आत चला," म्हणत आजींनी दार सताड उघडलं.