पाचवीचा कोरा कागद

मंडळी, पुढं सरकून बसा! मागं खांबाला टेकलेले पण या. तुम्ही सोडलात म्हणून खांब काही पडत नाही. देवाचं नाव घेऊन झालं, टाळही गरम झाले, आता मला एकच सांगा — लेकराचं कपाळ लिहितं कोण?

सटवाई! बरोबर. बघा, म्हाताऱ्या लगेच बोलल्या आणि मास्तर अजून विचार करताहेत. पाचव्या दिवशी तुम्ही पाटा-वरवंटा पुजता, नैवेद्य दाखवता, शेजारी कोरा कागद ठेवता, पेन ठेवता. देवी येते आणि लिहून जाते. आता माझा पुढचा प्रश्न ऐका. देवी लिहायला कुठं येते? तालुक्याला बोलावते का? सकाळी अकराला या, आधार कार्डाची झेरॉक्स आणा, रांगेत उभ्या राहा, साहेब जेवायला गेलेत — असं म्हणते का? नाही ना! ती घरी येते. बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडून येते. मग देवीला जे कळतं ते माणसाला का कळत नाही? याचं उत्तर या आख्यानात आहे. ऐका.

निमखडी नावाचं गाव. गाव म्हणजे दीडशे उंबरे आणि दोनशे भांडणं — तुमच्यासारखंच! त्या गावात संदीपानची बायको कांचन. वय वर्षं वीस. आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी नाही, सासरीच झालं. मुलगी झाली. गोरीपान, मूठ आवळलेली. सासू गयाबाई तोंडानं फटकळ, पण हात सोन्याचे. डिंकाचे लाडू केले, शेक-शेगडी केली, कशात म्हणून कमी पडली नाही. पाचवी आली. पाटा मांडला, कागद आला, आणि पेन कुठंय? घरात पेन नाही! तेव्हा कांचननं आपल्या ट्रंकेतून एक पेन काढून दिलं. निळं, टोपणाला चीर गेलेली. तिच्या आईनं शाळेत असताना घेऊन दिलेलं. तिला वाटलं, आई तर लेकीला बघायला आली नाही, निदान आईच्या पेनानं नातीचं नशीब लिहिलं जाऊ दे.

किती साधी इच्छा, मंडळी!

दुसऱ्या दिवशी सकाळी संदीपान जन्माची नोंद करायला निघाला. फॉर्म भरायला तेच पेन उचललं. घासलं, झटकलं, तोंडाची वाफ दिली — लिहीना! रिफिल कधीची वाळून गेलेली. कागदाकडं बघितलं, कागद कोरा. अहो, कागद दरवर्षी, दर घरी कोराच असतो! देवीचं अक्षर आपल्याला दिसतं का कधी? पण त्या दिवशी गयाबाईला वाटलं, वाळलेल्या पेनानं देवीला लिहिताच आलं नसंल. तिनं कपाळावर हात मारला आणि बोलून गेली, "पोरीचं कपाळ कोरं राहिलं गं. तुझ्या पेनानं राहिलं."

गयाबाई बोलली आणि चुलीकडं गेली. तासाभरात विसरलीसुद्धा. पण कांचन कशी विसरेल? ते वाक्य तिच्या काळजात जाऊन बसलं. तिनं पोरीला पाजलं, पुसलं, झोपवलं, सगळं केलं. पण तिच्याकडं बघणं सोडलं. पोर रडली की उचलायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. बोलणं बंद. हसणं बंद. गावात म्हणायला लागले, बाळंतवारं लागलं. कुणी अंगारा दिला, कुणी दृष्ट काढली. डॉक्टरकडं नेलं, त्यानं टॉनिक दिलं. बारशाला पोरीचं नाव ईश्वरी ठेवलं, पोर तीन महिन्यांची झाली, पण हसेना. हसणार कशी? लेकरू हसायला शिकतं कुणाच्या तोंडाकडं बघून? सांगा की आयांनो! छताच्या पत्र्याकडं बघून हसतं होय?

आता इथं दारात येते यमुनाताई. ही कोण? तालुक्यानं एक काम सुरू केलं होतं, त्याला गाव म्हणायचं पाळणाभेट. तीन वर्षांखालचं लेकरू ज्या घरात, त्या घरी आठवड्यातून एकदा जायचं. आईशेजारी बसायचं. लेकराशी बोलायचं कसं, खेळायचं कसं, काय भरवायचं, बापानं कडेवर घेतलं तर त्याच्या मिशीचा ताव उतरत नाही, हे सगळं सांगायचं. निम्मा पैसा तालुक्याचा, निम्मा गावाचा; आणि गावानं तो द्यायचा की नाही, हे दरसाल ग्रामसभेत हात वर करून ठरवायचं.

यमुनाताई पहिल्यांदा आली, कांचन बोलली नाही. दुसऱ्यांदा आली, बोलली नाही. तिसऱ्यांदा ताईनं शेंगा भरलेलं सूप पुढ्यात ओढलं आणि गुमान शेंगा फोडत बसली. तासभर! चौथ्या भेटीला कांचन भिंतीकडं बघतच म्हणाली, "ताई, हिचं कपाळ कोरंय. मी जीव लावला आन् हिला काय झालं तर?"

मंडळी, दवाखान्याच्या रांगेत हे वाक्य निघालं असतं का? मागून कुणीतरी ढकलतंय, पुढून कुणीतरी ओरडतंय, तिथं? हे वाक्य घरीच निघतं. तेही चौथ्या भेटीला!

आता यमुनाताईचं शहाणपण बघा. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, असं काही नसतं, अडाणी कुठली! ताई तसं काही बोलली नाही. तिनं देव्हाऱ्यातला तो कागद मागून घेतला. पर्समधून स्वतःचं पेन काढलं, तळहातावर रेघ मारून बघितली आणि कांचनच्या हातात दिलं. म्हणाली, "जागा ठेवली असंल देवीनं तुझ्यासाठी. लिही. आज पोरीनं काय केलं तेवढंच लिही."

कांचननं किती दिवसांनी पेन धरलं! पण लिहायचं तर पोरीकडं बघावं लागणार. बघितलं. पोर आपली मूठ चोखत होती. कांचननं लिहिलं, आज ईश्वरीनं मूठ चोखली. बस! पण त्या निमित्तानं आईनं लेकीला पहिल्यांदा डोळे भरून बघितलं, आणि मग मात्र तिला रडू आवरेना. ताईनं आवरायला सांगितलंही नाही.

पुढच्या भेटीला दुसरी ओळ. आज वाटी वाजवली तर मान वळवली. मग तिसरी. आज बाबांची मिशी ओढली. आणि पाचव्या ओळीला, आज हसली. माझ्याकडं बघून हसली! गयाबाईनं ती ओळ शेजारणीकडून तीनदा वाचून घेतली आणि पदरानं नाक पुसत म्हणाली की चुलीचा धूर फार झालाय. चूल विझून तास झाला होता, बरं का!

इथं आख्यान संपलं असतं तर मी प्रसाद वाटून मोकळा झालो असतो. पण गावात सरपंच असतो! निमखडीचे सरपंच भानुदासराव. माणूस वाईट नाही, पण वेशीवर कमान बांधायचं खूळ डोक्यात शिरलेलं. वर दोन सिमेंटचे सिंह, मधे वडिलांचं नाव. त्यासाठी पैसा कुठला? तर बायका-पोरांसाठी राखलेला! ग्रामसभेत भानुदासराव उभे राहिले आणि सांगितलं, की ती ताई घरोघर जाते, बसते, चहा पिते, गप्पा मारते. गप्पांना गावानं पैसा का द्यायचा? ज्या आईला गरज आहे तिनं यावं की आरोग्य केंद्रावर.

गप्पा! अहो भानुदासराव, त्या कमानीखालून जाणार कोण? निम्म्या तर म्हशी! त्यांना तुमच्या वडिलांचं नाव वाचता येतं का?

पुरुष मंडळी खाली माना घालून बसली. बायका मागं, भिंतीला लागून. यमुनाताई दाराजवळ उभी. तिला बोलायचा हक्क नव्हता, ती परगावची. आणि तेवढ्यात मागून एक बाई उठली. कडेवर लेकरू. गावानं जिचा आवाज सहा महिन्यांत ऐकला नव्हता ती कांचन! संदीपाननं हळूच खुणावलं, बस खाली. ती बसली नाही. सरळ टेबलापर्यंत गेली, घडी घातलेला कागद उघडून सरपंचांपुढं ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"हा माझ्या पोरीच्या पाचवीचा कागद," ती म्हणाली. "अकरा ओळी झाल्यात. मी केंद्रावर येऊ शकत असते तर मला ताईची गरजच पडली नसती. मला माझ्या पोरीकडं बघायचं भ्या वाटत होतं. ताई घरी आली म्हणून माझी पोर हसली. अजून अर्धा कागद कोराय. तुम्हाला हितंच थांबवायचं असंल तर बाराव्या ओळीला तुमच्या हातानं लिहा, की कमान पाहिजे म्हणून थांबवलं. आन् खाली सही करा. पोरगी मोठी झाली की मी तिला वाचायला देईन."

सरपंचांनी पेनाकडं बघितलं. गावभर सह्या करत फिरणारा माणूस, पण हात पुढं होईना. होईल कसा? पाचवीच्या कागदावर लिहायचं म्हणजे सटवाईच्या जागेवर बसायचं!

आणि मग गयाबाई उठली. सगळ्यांना वाटलं, आता सुनेला ओढून नेणार. ती सुनेशेजारी जाऊन उभी राहिली आणि भर सभेत म्हणाली, "कपाळ कोरंय असं मीच बोलले व्हते. माझी जीभ झडली न्हाई हे नशीब. मी चुकले, मी कबूल केलं. आता तुमी करा."

पाळणाभेटीसाठी एक हात वर झाला. मग दहा. मग भिंतीला लागून बसलेल्या सगळ्या बायकांचे हात, बांगड्यांसकट! मग खाली माना घातलेले बापडेही जागे झाले. संदीपाननं तर दोन्ही हात वर केले, एक मोजला नाही. शेवटी भानुदासरावांनी स्वतःचा हात वर केला. हळूच केला, पण केला! कमान बांधायची राहिली, पाळणाभेट चालू राहिली. ताई पुढच्या आठवड्यात गेली तेव्हा बारावी ओळ आधीच लिहिलेली होती. आज ईश्वरी माझ्याबरोबर सभेत आली, अजिबात रडली नाही.

आता तुमच्याकडं येतो. टाळ खाली ठेवा. तुमच्या गावची ग्रामसभा सोमवारी आहे, मला माहीत आहे. तुमच्याकडंही घरोघर जाणारी ताई आहे, तिच्या पैशाचा ठराव आहे, आणि देवळापुढं फरशी घालायचाही ठराव आहे. पैसा एकाच कामाला पुरतो. तुमचे सरपंच समोरच बसलेत — बघा, मांडी बदलली! माझा राग येऊ द्या. पुढच्या सप्ताहाला बोलावलं नाहीत तरी चालेल. पण देवाला मातीत उभं राहायची सवय आहे. बाळंतिणीला भिंतीकडं तोंड करून बसायची सवय लागू देऊ नका! लेकरांचं नशीब देवी लिहिते म्हणता ना? मग निम्मं लिहून ती निम्मा कागद तुमच्या हातात देते, आणि तुम्ही तो हरवून बसता, आणि वर दोष देता कपाळाला!

मला आज नारळ नको, शाल नको, बिदागीही नको. सोमवारी प्रत्येक घरातून आपल्या लेकराच्या नावाचा एक कोरा कागद घेऊन या, आणि ज्याला ताईच्या ठरावाच्या विरोधात जायचंय त्यानं त्या कागदावर लिहून जायचं. पेन मी इथंच, देवापुढं ठेवून जातोय.

चालतंय. मी सकाळीच रेघ मारून बघितली आहे.