दिवाणातली फाईल

मंडळी, तुम्ही वैरागहून, होटगीहून हातातली कामं टाकून आलात. वहिनींबद्दल चार शब्द बोलायला मला उभं केलंय. बोलवत नाही, आणि ते नुसत्या दुःखानं नाही. मला माझीच किळस येते.

वहिनींचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, असं आम्ही तुम्हाला सांगितलं होतं. खोटं होतं ते. त्यांना स्तनाचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, मग डाव्या बाजूला शेक दिले, म्हणजे रेडिएशन. त्यातून त्या बऱ्या झाल्या होत्या. ऐकताय ना? बऱ्या झाल्या होत्या. पण त्यांच्या लेकीचं, माझ्या पुतणीचं लग्न जमत आलं होतं, आणि कॅन्सरचं कळलं तर सोयरीक मोडेल असं मला वाटलं. म्हणून ती सगळी फाईल मी दिवाणात साड्यांखाली दडवली.

शेक संपल्यावर तीनेक महिन्यांनी वहिनींना कोरडा खोकला लागला. बारीक ताप, जिना चढताना धाप. मी डॉक्टरकडं नेलं. विहीणबाई, तुम्हीही काळजीपोटी सोबत आलात. डॉक्टरनं विचारलं, आधी काही मोठा आजार, काही उपचार? वहिनींनी माझ्याकडं बघितलं. तुम्ही शेजारीच बसला होता. मी म्हणालो, "न्हाय, कायच न्हाय."

मग न्यूमोनिया समजून औषधं सुरू झाली. बदलली. परत बदलली. घरी आल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, शेकाचं सांगायला पायजे होतं की." मी म्हणालो, लग्न उरकू द्या. धाप लागलेल्या बाईला मी हे सांगितलं.

शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅन बघून तिथल्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, शेक कधी घेतला? शेकामुळं फुप्फुसाला सूज आली होती. लवकर कळलं असतं तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी बहुतेक उतरली असती, म्हणाले. त्या गोळ्या दिल्याही. तोवर लई उशीर झाला होता.

विहीणबाई, तिथल्या बाकावर बसून तुम्ही मला विचारलंत, "यासाठी लपवलं व्हय? आमाला काय समजलात?"  

तुमच्यातल्या कुणाच्या घरात अशी फाईल आहे? खाली बघू नका. उद्या ती काढा आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवा.

वहिनी, तुम्ही सांगणार होता. मी सांगू दिलं नाही.

आता उभे राहू या. दोन मिनिटं शांत राहू. या वेळी तरी आपण काही लपवत नाही.